चक्कर, कान आणि न सापडणारं निदान

अर्धविराम

गेले काही महिने चक्करेने मेटाकुटीला आले आहे आणि अजून कोणी एक ठाम नाव सांगत नाही, म्हणून हा धागा.

आतापर्यंतची वारी अशी. फॅमिली डॉक्टरांनी रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड पाहिलं. सगळं जागच्या जागी. मग मानेचा एक्स-रे झाला. त्यात मणक्यांची झीज दिसली आणि गळ्यात पट्टा आला. पट्ट्याने मान आखडली, चक्कर होती तशीच. मेंदूचा एमआरआय नॉर्मल. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी कानात दुर्बीण घातली, "पडदा एकदम छान, कानाचं काही नाही" म्हणाले आणि बीटाहिस्टिन ही चक्करेची गोळी लिहून दिली. शेवटच्या डॉक्टरांनी विचारलं, "टेन्शन घेता का?" आधी घेत नव्हते, आता घेते.

कधी खोली गरगर फिरते, कधी नुसती पायाखालची जमीन डुलते, कधी डोकं जड. दोन्ही बाजूंना उंच मांडण्या असलेल्या मोठ्या दुकानात गेलं की फारच वाईट. वय चाळिशीतलं, बाकी आजार नाही.

प्रश्न दोनच. कानाच्या डॉक्टरांकडे जायचं की मेंदूच्या? आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल असताना पुढे कोणती तपासणी करून घ्यायची?

घाईगडबड

बीपीपीव्ही. कानातले स्फटिक जागेवरून सुटतात ना, तेच, डोळे मिटून सांगतो. यूट्यूबवर एप्ली मॅन्युव्हर (डोकं ठरावीक क्रमाने वळवून स्फटिक परत जागेवर नेण्याची कृती) शोधा, पलंगावर पाच मिनिटांचं काम आहे. माझी त्यानेच गेली.

कानोसा

घाईगडबड, आयडीला जागलात. :) असेलही बीपीपीव्ही, पण वरच्या वर्णनावरून ते ठरत नाही.

मी ऐकण्याच्या आणि तोलाच्या तपासण्या करण्याच्या कामात आहे. डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. आमच्याकडे येणारे बरेच जण गरगरतं की डोकं हलकं होतं, हेच समजावून सांगण्यात दमतात. पूर्वी डॉक्टरही तिथूनच सुरुवात करायचे. गरगरलं तर कान, डोळ्यांपुढे अंधारी आली तर रक्तदाब किंवा हृदय, असा ठोकताळा होता. तो फारसा टिकला नाही, कारण काही मिनिटांनी परत विचारलं की तोच माणूस तीच चक्कर वेगळ्या शब्दांत सांगतो. दोन गोष्टी मात्र लोक बऱ्यापैकी नेमक्या सांगतात: एक झटका किती वेळ टिकतो आणि तो कशाने सुरू होतो.

तर अर्धविराम, हे सांगा. चक्कर सेकंदांची, मिनिटांची, तासांची की दिवसांची? मळमळ आणि नंतरचा थकवा त्यात धरू नका, फक्त फिरणं किती वेळ ते सांगा. बसल्या जागी आपोआप येते की कूस बदलताना, वाकताना, वर बघताना? झोपून उठून उभं राहताना येते की झोपल्या झोपल्याही? त्या वेळी एखाद्या कानाला कमी ऐकू येतं का, दडा बसतो का, कान वाजतो का? डोकेदुखी, उजेडाचा त्रास?

आणि हा धागा कोणी चक्कर येत असतानाच वाचत असेल तर: चक्करेबरोबर एकाचे दोन दिसणं, बोलताना जीभ जड होणं, तोंड वाकडं होणं, हातापायातली ताकद जाणं, गिळायला त्रास, आधाराशिवाय उभंच राहता न येणं, आजवर कधी न झालेली प्रचंड डोकेदुखी किंवा मानदुखी, यातलं काहीही असेल तर धागा बंद करा आणि थेट इमर्जन्सीत जा. एका कानाचं ऐकणं अचानक गेलं असेल तर तेही लांबवायचं नाही. त्यावरचे स्टेरॉइड जितक्या लवकर सुरू होतील तितका उपयोग. पहिले दोन आठवडे उलटले की संधी खूपच कमी होते.

अर्धविराम

उत्तरं लिहायला बसले तर दोन वेगळ्याच चकरा निघाल्या. हे आजवर कोणी असं सुटं करून विचारलंच नव्हतं.

एक सेकंदांची. उजव्या कुशीवर वळले किंवा मान वर करून वरच्या फळीवरचं काही काढलं, की क्षणभराने खोली फिरायला लागते आणि मिनिटाच्या आत थांबते. नंतर मळमळत राहतं.

दुसरी आपोआप येते. काही तास, कधी अख्खा दिवस. तेव्हा उजेड सोसत नाही, कोणी मोठ्याने बोललं तरी नको होतं, अंधाऱ्या खोलीत पडून राहावंसं वाटतं. डोकं दर वेळी दुखतंच असं नाही. कॉलेजात असताना मात्र अर्धशिशीचा भरपूर त्रास होता, तो पुढे कमी झाला.

ऐकू नीट येतं. कधीकधी दडा बसल्यासारखं वाटतं, पण दोन्ही कानांत.

कानोसा

हे फार उपयोगी आहे. डॉक्टरांकडे जाल तेव्हा हा प्रतिसादच छापून न्या.

पहिली चक्कर ऐकायला तरी बीपीपीव्हीसारखी आहे. आतल्या कानात ऐकण्याचा शंखाकृती भाग असतो आणि त्याला लागून तोलाचा विभाग: तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि युट्रिकल व सॅक्युल या दोन पिशव्या. नलिका डोक्याचं वळणं टिपतात. पिशव्या सरळ रेषेतली हालचाल आणि गुरुत्वाकर्षण टिपतात, आणि त्यासाठी त्यांच्यात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक स्फटिक बसवलेले असतात. युट्रिकलमधले काही स्फटिक सुटून नलिकेत शिरले की भानगड होते. डोकं कललं की ते घरंगळतात, नलिकेतलं द्रव हलतं आणि डोकं स्थिर असूनही मेंदूला "फिरतोय" असा निरोप जातो. स्फटिक तळाशी बसले की निरोप थांबतो. म्हणून चक्कर क्षणभर उशिरा सुरू होते आणि मिनिटभरात विरते.

त्याची तपासणी यंत्राशिवाय होते. डिक्स आणि हॉलपाइक यांनी १९५२ मध्ये ती सांगितली. बसलेल्या माणसाचं डोकं एका बाजूला ४५ अंश वळवायचं आणि त्याला झटकन मागे झोपवायचं, मान पलंगाच्या कडेखाली थोडी कलती. मग डोळ्यांकडे बघत राहायचं. मागच्या नलिकेत स्फटिक असतील, आणि बहुतेकदा तिथेच असतात, तर काही सेकंदांनी डोळे वर आणि खालच्या कानाच्या दिशेने पिळल्यासारखे झटके देतात. या झटक्यांना निस्टॅग्मस म्हणतात. तपासणारा बघतो ते हे. तुमची चक्कर हा जोडपुरावा.

आता तुमचे रिपोर्ट नॉर्मल का, ते बघा. दुर्बिणीतून बाहेरची नळी आणि पडदा दिसतो, आतला कान दिसतच नाही. हे स्फटिक एमआरआयवर दिसत नाहीत. मानेच्या मणक्यांची झीज चाळिशीनंतर चक्कर नसलेल्या कितीतरी माणसांच्या एक्स-रेतही दिसते, त्यामुळे ती दिसली म्हणून चक्करेचं कारण ठरत नाही. एमआरआय वाया गेला असं मी म्हणणार नाही, त्याने बाकीच्या काही शंका मिटल्या. पण तुमची आडवं झोपवून तपासणी कोणी केली का? केली नसेल तर तिथून सुरुवात.

दुसरी चक्कर स्फटिकांची नाही. तासन्तास टिकणारी आणि आपोआप येणारी चक्कर बीपीपीव्हीच्या खात्यात बसत नाही. अर्धशिशीचा इतिहास आणि उजेड-आवाजाचा त्रास बघता व्हेस्टिब्युलर मायग्रेनबद्दल, म्हणजे चक्करेच्या रूपात येणाऱ्या अर्धशिशीबद्दल, विचारा. आणि आता ऐकू नीट येत असलं तरी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकणं मोजण्याची तपासणी, एकदा करून घ्याच.

घाईगडबड

म्हणजे अर्धं माझंच बरोबर. आणि एप्लीला तोटा काय? स्फटिक नसतील तर काही होणार नाही, असतील तर जातील.

कानोसा

तोटा असा की एप्लीची दिशा कानावर आणि नलिकेवर ठरते. उजव्याचं एप्ली डाव्याला उपयोगाचं नाही. स्फटिक आडव्या नलिकेत असतील तर कृतीच वेगळी, लोळवण्याची किंवा गुफोनीची. कधी कधी एका नलिकेतले स्फटिक दुसऱ्या नलिकेत जातात आणि चक्कर आणखी जोरात येते. ते जाणकारासमोर झालं तर तिथल्या तिथे निस्तरता येतं. मानेची शस्त्रक्रिया झालेली, मानेच्या रक्तवाहिन्यांचा किंवा डोळ्याच्या पडद्याचा त्रास असलेली माणसं असतात, त्यांनी तर विचारल्याशिवाय करूच नये. एकदा बाजू आणि नलिका पक्की झाली, कृती शिकवली गेली, की पुढच्या वेळी घरी करायला माझी हरकत नाही.

निळीशाई

मी दुसऱ्या टोकाची पेशंट. मला मेनिएर हा आतल्या कानाचा आजार आहे.

माझी चक्कर दोन-तीन तासांची असायची. आधी डावा कान भरून यायचा, जाड कापडातून ऐकल्यासारखं, मग घोंघावणारा आवाज, मग खोली फिरायची. उलट्या. दुसऱ्या दिवशी नुसता थकवा. अडचण ही की डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत कान मोकळा झालेला असायचा आणि ऑडिओग्राम ठीक यायचा. असे नॉर्मल कागद साठत गेले.

निदान कशाने झालं, तर एका ऑडिओलॉजिस्टने सांगितलं की कान भरलेला असतानाच या, अपॉइंटमेंट नसली तरी या. तशी गेले. आलेखात डाव्या कानाची कमी कंप्रतेची, म्हणजे जाड आवाजांची बाजू खाली गेलेली होती. काही दिवसांनी परत केली तर रेघ वर आलेली. हे वरखाली होणंच पुरावा ठरलं. मेनिएरच्या निदानाची चौकट २०१५ ची आहे: आपोआप येणारे किमान दोन झटके, प्रत्येक २० मिनिटं ते १२ तास, ऐकण्यातली घट मोजून दाखवलेली, आणि त्याच कानात दडा किंवा आवाज. चक्कर आहे पण घट कुठेच नोंदलेली नाही, तर नाव पक्कं होत नाही.

हल्ली "चक्कर म्हणजे मेनिएर" असं सर्रास लिहून देतात, त्यावर माझा राग आहे. हा त्या मानाने विरळा आजार आहे. चुकीचं लेबल लागलं की वर्षानुवर्षं मीठ कमी करत बसायचं आणि खरं कारण बाजूलाच राहायचं.

पाऊसपाणी

निळीशाई, +१. बीटाहिस्टिनचा उपयोग झाला का? मी बरीच वर्षं घेतोय. मला बरं वाटतं.

निळीशाई

मला सांगता येत नाही, खरंच. झटके आपोआपही कमी होतात, मग श्रेय कोणाला द्यायचं? जर्मनीत झालेली एक मोठी चाचणी २०१६ मध्ये आली, तिच्यात मेनिएरच्या रुग्णांना कमी डोस, जास्त डोस आणि नुसती साखरेची गोळी दिली होती. झटके तिन्ही गटांत कमी झाले, गटागटांत फरक दिसला नाही. तरी माझे डॉक्टर देतात, कारण दुष्परिणाम थोडे. मी घेते, पण गोळीवर विसंबून नाही.

पाऊसपाणी

हं. गोळीबरोबर माझा पंगा नाही, त्यामुळे चालू ठेवतो. डॉक्टरांना विचारीन मात्र.

वळणवाट

पाऊसपाणी, बीटाहिस्टिनचं एक वेळ राहू द्या. सिनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन यांसारख्या चक्कर दाबणाऱ्या गोळ्या महिनोन्महिने चालू असतील तर ते आधी बघा.

मला व्हेस्टिब्युलर न्यूरायटिस झाला होता. सर्दी-तापानंतर एका सकाळी जी चक्कर लागली ती थांबेचना, दिवसभर, रात्रभर. ऐकू नीट येत होतं. (ऐकणंही गेलं असतं तर लॅबिरिंथायटिस म्हणाले असते.) एका बाजूच्या तोलाच्या नसेला सूज आली होती. फिजिओथेरपिस्टने छान सांगितलं: बैलजोडीतला एक बैल मटकन बसला की गाडी त्याच्या बाजूला वळत राहते, गाडीवान ताबडतोब उतरून काही करू शकत नाही, पण एका बैलावर सरळ कसं हाकायचं ते तो शिकतो. मेंदू तेच करतो. अट ही की त्याला गाडी चालताना दिसली पाहिजे. गोळ्यांनी निरोपच दाबून टाकले आणि भीतीने मान हलवायचीच सोडली, तर तो शिकणार कशावर? सुरुवातीचे दोन-तीन दिवस गोळ्या हव्यातच, उलट्यांनी माणूस अर्धमेला होतो. पुढे त्या बंद करून व्यायाम सुरू केले. अंगठ्यावर नजर ठेवून मान डावी-उजवी हलवायची, मग चालताना तेच, मग मऊ गादीवर उभं राहून. पहिल्या काही दिवसांत चक्कर वाढते, आणि ती वाढायलाच हवी असते. बरेच जण नेमके तिथे सोडून देतात.

अर्धविराम, मोठ्या दुकानातल्या त्रासाबद्दल: मूळ झटका ओसरल्यावर मलाही तो राहिला होता. तो तीन महिन्यांच्या वर, बहुतेक दिवशी टिकला तर त्याला पीपीपीडी असं नाव २०१७ पासून आहे. तोल सांभाळायला मेंदू डोळ्यांवर जास्त विसंबायला लागतो आणि डोळ्यांपुढे गर्दी झाली की गोंधळतो. "टेन्शन" म्हणून ज्यांना परत पाठवतात त्यांच्यातले कित्येक हे असतात. उपचार आहेत, व्यायामही आणि औषधंही.

सांजवेळ

थोडं अवांतर, पण विचारते. सासरे सत्तरीचे. अंथरुणातून उठून उभे राहिले की त्यांना भोवंडतं, दोनदा पडताना वाचले. झोपून कूस बदलताना काही नाही. हेही स्फटिकच का?

कानोसा

झोपून काही होत नाही आणि उभं राहिल्यावरच होतं, तर आधी रक्तदाब, कान नंतर. पाच मिनिटं आडवं झोपवून रक्तदाब मोजा, मग उभं करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना दाखवा. रक्तदाबाच्या, प्रोस्टेटच्या, झोपेच्या गोळ्या चालू आहेत का? यादी घेऊन जा. स्वतःहून कुठलीही बंद करू नका. मोजताना शेजारी कोणीतरी उभं राहा.

उलट सांगायचं तर वयस्कांत बीपीपीव्हीही भरपूर असतो आणि तो "वय झालं" म्हणून सोडून दिला जातो. झोपेत वळताना चक्कर येते का, हे त्यांना मुद्दाम विचारा. बरेच जण सांगतच नाहीत.

दूरदेशी

माझ्या भावाची गोष्ट लिहितो, कारण धाग्यात स्ट्रोकचा विषय इमर्जन्सीच्या लक्षणांच्या एका परिच्छेदात, नावही न घेता, संपला.

त्याला सतत चक्कर सुरू झाली, उलट्या, चालताना एका बाजूला कोसळत होता. हातपाय व्यवस्थित, बोलणं व्यवस्थित. सीटी स्कॅन नॉर्मल आला आणि "कानाचं आहे" म्हणून घरी पाठवत होते. ड्यूटीवरच्या एका तरुण डॉक्टरने त्याचे डोळे तपासले आणि थांबवून घेतलं. लहान मेंदूतला स्ट्रोक निघाला. आता तो बरा आहे, चालतो, गाडीही चालवतो.

त्या डॉक्टरने काय बघितलं हे नंतर समजून घेतलं. तीन गोष्टी असतात, हिंट्स म्हणतात, २००९ पासून त्या नावाने ओळखल्या जातात. नाकाकडे बघायला सांगून डोकं झटकन थोडंसं वळवतात: कान बिघडला असेल तर डोळे आधी डोक्याबरोबर वाहवतात आणि मग उडी मारून नाकावर परततात. सतत चक्कर चालू असताना ही उडी दिसली नाही, म्हणजे तपासणी "नॉर्मल" आली, तर ती काळजीची गोष्ट. हे ऐकून मी चक्रावलो होतो, नॉर्मल म्हणजे वाईट! दुसरं, नजर डावीकडे नेली की निस्टॅग्मसचा झटका डावीकडे आणि उजवीकडे नेली की उजवीकडे, असं दिशा बदलणं. तिसरं, एक डोळा आळीपाळीने झाकला की उघडलेला डोळा वर-खाली सरकणं. या दोन्हींतलं काही दिसलं तरी काळजीच.

अशा स्ट्रोकमध्ये सीटी बऱ्याचदा काही दाखवत नाही, आणि पहिल्या एक-दोन दिवसांत एमआरआयही हुलकावणी देऊ शकतो.

कानोसा

दूरदेशी, उत्तम लिहिलंत. एकच पुस्ती: हिंट्स फक्त चक्कर सतत चालू असताना आणि डोळ्यांत निस्टॅग्मस असतानाच लागू. अर्धविरामसारख्या येऊन-जाऊन असणाऱ्या चकरेत, किंवा झटका संपल्यावर, त्याचा अर्थ लावायचा नाही. आणि ती शिकलेल्या माणसाने करायची. घरी एकमेकांची मुंडकी फिरवू नका.

पिंपळपार

अवांतर: कानात पाणी घालून करतात ती कॅलरिक तपासणी ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते रॉबर्ट बारानी व्हिएन्नात कानाचे डॉक्टर होते. कान धुताना पाणी फार गार किंवा फार गरम असलं की रुग्णांना चक्कर येते आणि डोळे उलटसुलट दिशांना झटकतात, यावरून त्यांना सुचलं. १९१४ चं नोबेल मिळालं तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते. स्वीडनच्या राजपुत्राने रदबदली केल्यावर सुटले. आजही चक्करेच्या आजारांच्या व्याख्या ठरवणारी संस्था त्यांच्याच नावाची आहे, निळीशाईंनी दिलेली चौकटही तिथलीच.

निळीशाई

ती तपासणी मी केली आहे. शरीराच्या तापमानापेक्षा सात अंश कमी आणि सात अंश जास्त पाणी, म्हणजे ३० आणि ४४. वाईट वाटतं पण मिनिट-दोन मिनिटांत उतरतं. सोबत माणूस न्या आणि परतताना स्वतः गाडी चालवू नका, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

तिठा

यादीत एक नाव कोणी घेतलं नाही म्हणून. मला मोठ्या आवाजाने चक्कर यायची, शिंकलं तरी यायची, आणि स्वतःचा आवाज कानात घुमायचा. डोळे हलवल्याचा आवाजसुद्धा ऐकू यायचा! लोकांना सांगायची लाज वाटायची. वरच्या नलिकेवरचं हाड पातळ होऊन तिथे फट पडलेली निघाली. हा आजार वैद्यकात नोंदला गेला तो १९९८ मध्ये. व्हेम्प नावाची तपासणी आणि कानाच्या हाडाचा बारीक कापांचा सीटी, यांत दिसतो. अशी विचित्र लक्षणं असतील तर न लाजता सांगा, त्यांच्यावरूनच सापडतो.

वळणवाट

आणि ज्यांना जेंटामायसिनची (हे अँटिबायोटिक कानातल्या तोलाच्या भागाला इजा करू शकतं) इंजेक्शनं झाली आहेत त्यांनीही सांगावं. दोन्ही बाजूंचा तोल एकदम गेला तर गरगरत नाहीच. चालताना समोरचं दृश्य उडतं, पाट्या वाचता येत नाहीत, अंधारात पाय पडत नाही. आमच्या व्यायामाच्या गटात एक जण होते. "चक्कर नाही" म्हणत असल्यामुळे त्यांच्या कानाकडे कोणी बघेचना.

अर्धविराम

जाऊन आले! सगळ्यांना थोडक्यात सांगते.

कान-नाक-घसावालेच, पण चक्करेचे रुग्ण जास्त बघणारे डॉक्टर मिळाले. कागदांच्या फायलीआधी तो छापील प्रतिसाद वाचला. मग डोळ्यांवर कॅमेऱ्याचा बंद चष्मा लावून आडवं पाडलं. डावीकडे काही नाही. उजवीकडे काही सेकंद शांत, आणि मग जी खोली फिरली! डॉक्टर म्हणाले "घाबरू नका, हेच शोधत होतो" आणि स्क्रीनवर माझे पिळणारे डोळे नंतर मलाही दाखवले. उजवी मागची नलिका. तिथेच एप्ली केलं, थोडं बसवून परत तपासलं, तेव्हा डोळे स्थिर.

ऑडिओमेट्री स्वच्छ. कॅलरिक आणि व्हीएचआयटी (डोकं झटकन वळवून डोळे कसे हलतात ते यंत्राने मोजतात) दोन्ही बाजू सारख्या. तासन्तासांच्या चकरेसाठी व्हेस्टिब्युलर मायग्रेन हे निदान धरलंय. त्याची यंत्रावर पकडता येईल अशी तपासणी नाही, इतिहासावरून आणि बाकीचं वगळून ठरतं, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. अर्धशिशीवाल्यांत बीपीपीव्हीही जास्त दिसतो म्हणे, म्हणजे दोन्ही एकत्र येणं फार नवलाचं नाही. मानेचा पट्टा काढला. न्यूरोलॉजिस्टकडे चिठ्ठी दिली आहे.

आता शंका. डोकं दुखत नसताना मायग्रेन कसं?

रानजाई

माझंही तेच आहे आणि मलाही तेच खटकलं होतं. चक्कर आणि डोकेदुखी एकाच वेळी यावीच लागतात असं नाही. नियमात आहे ते असं: मध्यम किंवा तीव्र चक्करेचे किमान पाच झटके, प्रत्येक ५ मिनिटं ते ७२ तास, मायग्रेनचा आता किंवा पूर्वीचा इतिहास, आणि निम्म्या तरी झटक्यांत डोकेदुखी किंवा उजेड-आवाजाचा त्रास किंवा डोळ्यांपुढे चमकणं, यातलं काहीतरी. तुमचं उजेडाचं लक्षण त्यात बसतं.

नोंदवही ठेवा. तारीख, किती वेळ, आधीच्या रात्रीची झोप, पाळीचे दिवस, जेवण चुकलं का. माझं झोपेवर आणि उपाशी राहण्यावर निघालं. प्रतिबंधाच्या औषधाचा गुण दिसायला काही आठवडे जातात, तेवढ्यात "लागू पडत नाही" म्हणून सोडू नका. आणि रोज-रोज वेदनाशामक घेणं टाळा, त्यानेच डोकेदुखी वाढते.

पिंपळपार

अभिनंदन, अर्धविराम. चक्करेचे रुग्ण जास्त बघणारा डॉक्टर ओळखायचा कसा, हे कोणी सांगेल का? पाटीवर तर सगळ्यांच्याच "व्हर्टिगो" लिहिलेलं असतं.

कानोसा

फोनवर दोन प्रश्न विचारा. पहिल्याच भेटीत झोपवून डोळे तपासतात का, आणि ऑडिओमेट्री-व्हीएनजी (म्हणजे कॅमेऱ्याने डोळ्यांच्या झटक्यांची नोंद) तिथे होतं का किंवा कुठे पाठवतात. पहिल्याला "आधी गोळ्या घेऊन बघू" असं उत्तर आलं तर पुढचा नंबर फिरवा. कानाचा की मेंदूचा, याला मी फार महत्त्व देत नाही. चक्करेची आवड असलेला दोन्हीकडे सापडतो आणि आवड नसलेलाही. एका कानाचं ऐकणं दुसऱ्यापेक्षा कमी झालं असेल किंवा एकच कान वाजत असेल तर मात्र कानवाल्यांकडे जाच, कारण नसेवरची गाठ वगळायला कॉन्ट्रास्टचा एमआरआय लागतो आणि साध्या एमआरआयमध्ये छोटी गाठ निसटू शकते.

तपासणीला जाण्याआधी चक्कर दाबणाऱ्या गोळ्या एक-दोन दिवस थांबवायला सांगतात, नाहीतर डोळ्यांचे झटकेच दबतात. किती आधी आणि कोणत्या, हे त्यांनाच विचारा. फिट्स, रक्तदाब, हृदयाची औषधं थांबवायची नसतात. झटका आला आणि जवळ कोणी असेल तर मोबाइलवर डोळ्यांचा जवळून व्हिडिओ काढून ठेवा. डोळे उघडे, उजेड पुरेसा, नजर समोर, मग डावीकडे, मग उजवीकडे. असे व्हिडिओ बघून निदान झालेलं मी पाहिलं आहे.

घाईगडबड

मुंडकी फिरवायची नाहीत, पण व्हिडिओ चालेल. नोंद घेतली. :)

अर्धविराम

एप्लीनंतर फिरणं थांबलंय, पण चालताना तरंगल्यासारखं वाटतंय. उजव्या कुशीवर झोपायचं नाही, दोन उशा घ्यायच्या असं शेजारी सांगतात. खरं का? आणि परत आली तर?

कानोसा

तरंगणं काही दिवस राहतं, बहुतेकांचं आपोआप जातं. चालत राहा, मान मोकळी वापरा. पूर्वी बसून झोपायला सांगायचे, त्याने फारसा फरक पडत नाही असं दिसल्यावर ते बंध सैल झाले. तुमच्या डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका.

बीपीपीव्ही परत येऊ शकतो, बऱ्याच जणांना येतो. ड जीवनसत्त्व तपासलं नसेल तर तपासून घ्या. ते कमी असलेल्यांना भरून दिल्यावर पुन्हा येण्याचं प्रमाण घटल्याचं दिसलं आहे. परत आली तर पहिल्या वेळी तपासून घ्या, कारण दुसऱ्या खेपेला डावा कानही असू शकतो. महिनाभराने एकदा दाखवायला बोलावलं असेलच, तेव्हा बरं वाटत असलं तरी जा.

अर्धविराम

बोलावलं आहे. ड जीवनसत्त्वाचं उद्याच रक्त देते. न्यूरोकडची वेळ पुढच्या आठवड्यात मिळाली, वही सुरू केली आहे. रानजाई, नोंदीचे रकाने कसे पाडलेत ते माझ्या विचारपुशीत पाठवाल का?

रानजाई

पाठवते. पाळीचा रकाना वेगळा ठेवा, एकत्र लिहिलं की नंतर शोधता येत नाही.